हौशीचं लोढणं

सांडूची हौशी गाय स्वभावानं गरीब होती. मारणं नाही, लाथा झाडणं नाही, दूध चोरणं नाही. खोड एकच, तिला घरच्या दावणीचा चारा गोड लागत नसे. दावं जरा सैल झालं की बाई निघाल्या शेजारच्या कडुबाच्या कपाशीत. पोळ्याच्या आधी कडुबानं दोनदा तिची शेपटी पिळत तिला सांडूच्या दारात आणून उभी केली. तिसऱ्या वेळी तो गाय न घेताच आला आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असा बांधावरून ओरडला.

"सांडू, गाय सांभाळणं होत नसंल तर सांग. सरळ कोंडवाड्यात घालून येतो. माझ्या कपाशीच्या पात्या काय तिच्या बारशाला लावल्या का म्या?"

सांडू मान खाली घालून ऐकत राहिला. घरात सून होती, तिच्यासमोर बोलणी खाणं त्याच्या मनाला लागलं.

तसं त्यानं हौशीला लोढणं घातलं नव्हतं असं नाही. गळ्यातून पुढच्या पायांमध्ये लोंबणारा लाकडाचा ठोकळा. जनावर पळायला गेलं की तो गुडघ्यांवर आपटतो आणि जनावर आपसूक थांबतं. पण हौशीनं एक ठोकळा बांधावर आपटून फोडला आणि दुसरा नाल्यात कुठं टाकून आली ते तिलाच ठाऊक. मग सांडू रविवारी पाचोडच्या बाजाराला गेला. तिथं जुन्या लोखंडाच्या दुकानात, मोडक्या फाळांच्या ढिगात, त्याला एक बुटकं करडं धातूचं मडकं दिसलं. दिसायला चेंडूएवढं, उचलायला गेलं तर हात खाली ओढणारं. वर दोर ओवायला कडी, जणू कुणी लोढण्यासाठीच घडवलेलं. दुकानदार म्हणाला, कुठल्या तरी बंद कारखान्यातलं हाय, मोडणार नाय, फुटणार नाय. सांडू खूश झाला.

दुसऱ्या दिवसापासून हौशी शहाणी झाली. दावणीपासून चिंचेपर्यंत जायची, चिंचेपासून कडब्याच्या गंजीपर्यंत, बस. कडुबा स्वतःहून चहाला आला आणि लोढण्याची तारीफ करून गेला.

दिवाळी झाली, कपाशीची पहिली वेचणी उरकत आली, आणि एका सकाळी वस्तीवर सरकारी जीप आली. त्याच बंद कारखान्याचं भंगार जालन्याकडच्या एका लोखंडाच्या भट्टीवर गेलं होतं. तिथल्या फाटकावरच्या यंत्रानं बोंब मारली, म्हणून माणसं माग काढत पाचोडच्या दुकानापर्यंत पोचली. दुकानदारानं सांगितलं, असलंच एक जण लोढण्याला घेऊन गेला. जीपमधल्या माणसाच्या हातातली डबी टिकटिक करत होती. सांडूच्या दारात टिकटिक वाढली, गोठ्याकडे आणखी वाढली, आणि हौशीसमोर तर ती थांबेचना. हौशी शांतपणे रवंथ करत त्या माणसाकडं बघत होती.

त्यांनी सगळ्यांना लांब पांगवलं. लांब दांड्याच्या कात्रीनं दोर कापला, मडकं जाड पेटीत ठेवलं. मडक्याच्या एका कुशीला बोटभर भोक होतं, त्यावरचं झाकण उघडं राहून गंजलं होतं. त्या भोकातून एक्स-रेच्या मशीनमधून निघतात तसले किरण बाहेर पडत होते, न दिसणारे, न पोळणारे. एवढं सांगून जीप गेली आणि मागं 'रेडिएशन' हा शब्द ठेवून गेली.

शब्दानं काम चोख केलं. डेअरीच्या गाडीनं वस्तीचं दूध घेणं बंद केलं. पलीकडच्या गावातल्या वेचणीच्या बायका येईनाशा झाल्या. सांडू, त्याची बायको मनकर्णाबाई आणि सून प्रेरणा अशी तिघंच कंबरेला ओटी बांधून फुटलेल्या कपाशीत वाकू लागली. सकाळच्या दवानं हात गारठायचे, उन्हं चढली की बोंडाची वाळकी टोकं नखांत शिरायची. प्रेरणाला चौथा महिना होता. तिचा नवरा शिवम बिडकीनला कंपनीत होता, तिथंच खोली करून राहायचा, रविवारचा यायचा.

कडुबाची बायको द्वारकाबाई बांधाशी येऊन म्हणाली, "मनकर्णे, राग येऊ देऊ नको. पर लेकरू अधू निघंल. वेळ हाय तवर मोकळी कर सुनंला."

त्या रात्री शिवमचाही फोन आला. म्हणाला, कंपनीतले बी तेच म्हणत्यात. आपलं काय वय गेलं नाय, पुन्हा व्हईल. प्रेरणानं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून रडली. तिला हेच लेकरू हवं होतं, पुन्हाचं नको होतं. आणि तिला भीतीही वाटत होती, कारण तिला जे ठाऊक होतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी मनस्विनी आली. शहरातल्या एका दवाखान्यात कॅन्सरच्या रोग्याला किती किरण द्यायचे याचं गणित ती करायची. कुणाच्या अंगावर किती किरण पडले असतील याचा अंदाज काढायला जीपवाल्यांनी तिला बोलावलं होतं. चाळिशीची, केस आखूड, पायात बूट, आणि प्रश्न विचारायची भारी हौस.

तिनं घरोघर जाऊन तेच विचारलं. तुम्ही गायीपासून किती लांब असायचा? किती वेळ? कुठल्या बाजूला?

आता आमच्याकडच्या माणसाची एक रीत आहे. पाहुण्यानं, त्यातून सरकारी पाहुण्यानं विचारलं की तो काय घडलं ते सांगत नाही, काय घडायला हवं होतं ते सांगतो. गडीमाणसं म्हणाली, आम्ही दिवसभर शेतात. चिंचेखाली पत्ते कोण कुटत होतं ते कुणालाच आठवेना. बायका म्हणाल्या, आम्ही घरात. म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्ही देवापुढं. प्रेरणाच्या वतीनं मनकर्णाबाईच बोलली.

"दिवस गेल्यापासून म्या तिला गोठ्याकडं फिरकू दिलं नाय. दुपारचं जेवण झालं की घरात आडवी व्हय म्हणून सांगते. शेण मी काढते, दूध मी काढते."

ती हे अभिमानानं बोलली, आणि तिच्यापुरतं ते खरंही होतं. प्रेरणा दाराआड पदर सावरत उभी राहिली.

संध्याकाळी मनस्विनीनं ओट्यावर बसून सगळ्याची बेरीज केली आणि हसायला लागली.

"काका, तुमच्या वस्तीत चाळीस माणसं. अडीच महिन्यांत मनकर्णाबाईंशिवाय एकही माणूस गायीच्या जवळ गेलेला नाही. मग चिंचेखाली पत्ते काय हौशी कुटत होती?"

सांडू ओशाळला. कडुबा म्हणाला, "म्याडम, ते ऱ्हाऊ द्या. दुधात ते किरण उतरले का नाय तेवढं सांगा."

"हौशी दिवसभर उन्हात उभी राहते. मग रात्री तिच्या अंगातून ऊन बाहेर पडतं का?"

कडुबानं बराच विचार केला. "नाय पडत."

"हे तसंच. मडकं गेलं, किरण गेले. दूध चांगलं आहे. मी पिते."

आणि ती खरंच पेलाभर धारोष्ण दूध प्यायली. सगळी वस्ती तिच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं ओठ पुसले आणि प्रेरणाकडं वळली. "तुझ्या सासूबाई सांगतात तसं असेल, तर तुझ्या बाळापर्यंत जवळपास काहीच पोचलेलं नाही. निवांत झोप."

मनकर्णाबाईनं दोन्ही हातांनी सुनेची दृष्ट काढली. शिवमला फोन गेला. प्रेरणाला मात्र झोप लागली नाही. हवा तो आकडा मिळाला होता, पण तो तिच्या लेकराचा नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या तरी सुनेचा होता.

मनस्विनीचंही समाधान झालेलं नव्हतं. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा गाडीतून तसलंच मडकं उतरवलं. वाळू-सिमेंटचं, त्याच वजनाचं, त्याच जागी भोक असलेलं. भोकात तिनं एक लांब लाल काडी खोचली.

"किरण सगळीकडं नाही जायचे. भोक जिकडं, तिकडंच. ही काडी जिकडं तोंड करेल तिकडं किरण समजायचे. आज हौशीला हे बांधू आणि तिचा दिवस पुन्हा बघू. सगळ्यांनी आपापल्या खऱ्या जागेवर थांबायचं. तोंडानं सांगू नका, नुसतं उभं राहा."

वस्तीला असला खेळ कधी मिळाला नव्हता. दूध काढताना मनकर्णाबाई मागं बसायची, काडी पुढं, तिच्याकडं काडीचं तोंड क्वचितच वळलं. हौशी चिंचेखाली गेली. तिथं मात्र पत्तेवाले एकेक करून, खाकरत, आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन बसले. काडी कडुबाच्या गुडघ्यावर टेकली.

"आरं बाबा," कडुबा सरकला. "मला काय व्हईल का म्याडम?"

"चाळीस माणसांत पुढं आयुष्यभरात चार-पाच जणांना कॅन्सर व्हायचाच. ही गाय नसती तरी. त्यात आणखी एकाची भर पडण्याइतकेही हे किरण नाहीत. आणि उद्या तुम्हाला काही झालंच, तर ते हौशीमुळं झालं की तुमच्या तंबाखूमुळं, हे मलाही सांगता यायचं नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही."

कडुबानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि लगेच नवी मळायला घेतली.

दुपार कलली. हौशी उठली, चिंच सोडून रमतगमत कडब्याच्या गंजीमागं गेली आणि बसली. लोढणं जमिनीवर टेकलं. तिनं मान वळवून मागं पाहिलं आणि हंबरली. थोडं थांबून पुन्हा हंबरली.

"इथं काय काम हाय हिचं?" मनकर्णाबाई म्हणाली. "सावली तर चिंचेखाली."

"कोण येतं इथं?" मनस्विनीनं विचारलं.

"इथं कोण येतंय. कुणीच नाय."

प्रेरणा ओट्याच्या कोपऱ्याशी उभी होती. समोर सासरे, कडुबा, सगळी वस्ती. गप्प राहिली असती तर खेळ तिथंच संपला असता. पण गाय पुन्हा हंबरली, आणि प्रेरणाला तिची कणव आली, लेकराचीही आली. ती चालत गंजीमागं गेली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला, चपला काढल्या, आणि जमिनीवर बसून पाठ हौशीच्या पोटाला टेकवली. पाय लांब केले. लग्न होऊन आल्यापासून सांडूनं आपल्या सुनेचं तोंड असं उघड्यावर कधी पाहिलं नव्हतं. तो चटकन दुसरीकडं बघू लागला.

"रोज इथंच," प्रेरणा म्हणाली. "तुम्ही शेतात गेल्यावर. घरात जीव घुसमटायचा माझा, आत्याबाई. इथं चिंचा खायची, आईला फोन करायची. नायतर नुसतीच हिच्यासंगं बोलायची."

"किती वेळ?" मनस्विनीनं हळूच विचारलं.

"तासभर. कधी जास्त."

मनकर्णाबाई उभी होती तिथंच खाली बसली. साऱ्या वस्तीसमोर तिनं जे छातीठोकपणे सांगितलं होतं ते पोकळ निघालं होतं. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. मनकर्णाबाईला राग आला, लाज वाटली, आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट लागली. पोरीला बोलायला गाय शोधावी लागली.

"मला सांगितलं असतं तर म्या काय खाल्लं असतं का तुला?" ती म्हणाली.

मनस्विनी मात्र जमिनीवर पालथी पडून काडी बघत होती. काडी मातीत घुसली होती. "आत्ता तोंड खाली आहे. म्हणजे किरण जमिनीत. पण दर वेळी असंच पडत असेल का?"

हौशीला उठवलं, फिरवलं, पुन्हा बसवलं. या वेळी काडी गंजीकडं. मग हौशी रुसली आणि बसेचना. सरकीची पेंड आणली, कडुबानं मान खाजवली, सांडूनं गोंजारलं, तरी नाही.

"असं दोन-तीनदा बघून चालणार नाही," मनस्विनी म्हणाली. "आठ-पंधरा दिवस रोज बघावं लागेल. काडी प्रेरणाकडं किती वेळा आणि दुसरीकडं किती वेळा. मला तर रोज येता येणार नाही."

"म्या बघते," मनकर्णाबाई म्हणाली.

मग वस्तीनं एक नवलच पाहिलं. रोज दुपारी मनकर्णाबाई वेचणी सोडून यायची. गंजीमागं प्रेरणा हौशीला टेकून बसायची आणि सासू समोर उकिडवी, काडीवर नजर ठेवून. तिच्यापुढं दोन वाट्या असायच्या. काडी सुनेकडं वळलेली दिसली की एका वाटीत चिंचोका, दुसरीकडं दिसली की दुसऱ्या वाटीत. गायीनं कूस बदलली की पुन्हा चिंचोका. पहिले दोन दिवस दोघी गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी प्रेरणानं खुणेनं चिंच मागितली. मग हळूहळू बोलणं सुरू झालं, माहेरचं, शिवमच्या लहानपणचं. शिवमच्या वेळी आपल्याला माती खावीशी वाटायची आणि आपण सासूच्या चोरून पोतेऱ्याची माती खायचो, हे मनकर्णाबाईनं त्याच दिवसांत सांगितलं. दोघी इतक्या हसल्या की हौशी दचकून उठली आणि त्या दिवशीची मोजणी तिथंच राहिली.

एका दुपारी काडी सारखी प्रेरणाकडंच वळत राहिली. सुनेकडची वाटी भरत आली. मनकर्णाबाईचा हात त्या वाटीत गेला, तिनं मूठभर चिंचोके उचलले आणि दुसऱ्या वाटीवर नेले.

"आत्याबाई."

"कुणाला कळतंय?"

"लेकराला कळंल की."

हात तसाच राहिला. मग तिनं चिंचोके होते तिथं परत टाकले आणि डोळ्यांना पदर लावला. "लई भ्या वाटतंय गं मला," ती म्हणाली. "तुझ्याहून जास्त वाटतंय."

मनस्विनी आली तो रविवार होता, शिवमही घरी होता. तिनं चिंचोके मोजले, किती टक्के कुठं ते काढलं, लॅपटॉपवर बराच वेळ काही करत बसली. सगळे ओट्यावर तिच्याभोवती. सांडू पहिल्यांदाच सुनेला टाळून वळसा न घालता तिच्यासमोरच बसला होता.

"ऐका," ती म्हणाली. "बाळाच्या हातापायात, डोक्यात व्यंग यायला जेवढे किरण लागतात, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके पोचलेत. त्यानं व्यंग येत नाही. एवढ्यासाठी गर्भ पाडा असं कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही."

शिवमनं श्वास सोडला. "म्हणजे काहीच नाय."

"काहीच नाही असं मी म्हणणार नाही. एक वाटी तुरीची डाळ आणि थोडे काळे उडीद द्या."

मनकर्णाबाईनं दिले. मनस्विनीनं वाटी सुपात ओतली.

"हे हजार दाणे धरा. हजार लेकरं. कुठंही जन्मलेली, कुठल्याही गायीजवळ न गेलेली. त्यातल्या दोघांना लहानपणी कॅन्सर होतो. का होतो ते माहीत नाही." तिनं दोन काळे दाणे टाकले. "आता प्रेरणाच्या बाळाएवढे किरण मिळालेली हजार लेकरं." तिनं तिसरा दाणा टाकला. "दोनाचे तीन. हा माझा अंदाज आहे. थोडा कमी असेल, जास्त असणार नाही."

सुपात पिवळ्या डाळीत तीन काळे दाणे ठसठशीत दिसत होते. सगळे वाकून बघत राहिले.

"आन् आपलं कोणतं यातलं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"ते नाही सांगता येत. मी हजारांचं सांगू शकते. एकाचं कुणीच सांगू शकत नाही."

"इतकी शिकून बी?"

"इतकी शिकूनच हे कळलं, काकू."

शिवम काही बोलायला गेला. मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही, सुनेकडं पाहिलं. "तुला काय वाटतं?"

या घरात प्रेरणाला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. ती सुपाकडं बघत म्हणाली, "लई पिवळे हाईत, आत्याबाई."

मनस्विनी गेली. जाताना डेअरीला द्यायचा कागद सांडूच्या हातात देऊन गेली. दिवेलागणीला मनकर्णाबाईनं सूप मांडीवर घेतलं. जन्मभर तिनं धान्य निवडलं होतं, काळा दाणा दिसला की तिची बोटं आपोआप तिकडं जायची. आताही गेली. एका दाण्याशी थांबली, दुसऱ्याशी थांबली. मग तिनं सूप दोनदा झटकलं, काळे दाणे डाळीत कुठं गेले ते दिसेनासं झालं, आणि तिनं ते तसंच सुनेपुढं सरकवलं.

"निवडू नको," ती म्हणाली. "समदी शिजव."

प्रेरणानं त्यात घरची आणखी डाळ घातली आणि चुलीवर आधण ठेवलं. त्या रात्री सगळ्यांनी वरण-भाकरी खाल्ली, सांडूनं दोनदा वरण मागून घेतलं. काळा दाणा कुणाच्या घासात आला ते कुणी पाहिलं नाही.